फायटरच्या हातातली तलवार किती वेळा पाडणार?

(न खेळणाऱ्यांसाठी: डीएनडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलवर फासे टाकत सगळ्यांनी मिळून खेळायची गोष्ट. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारा, बाकीचे एकेक कॅरेक्टर खेळतात: फायटर तलवारवाला, विझार्ड जादूवाला, रोग म्हणजे इंग्रजीतला rogue, चोरट्या हातांचा, आणि क्लेरिक बरं करणारा.)

आलेलं पत्र, थोडं छोटं करून:

"ताई, मी गेलं वर्षभर डीएनडीचं एक कॅम्पेन चालवतेय. चार प्लेयर, सगळे जुने मित्र, पाचवी एडिशन, 2014 चं पुस्तक, कॅरेक्टर आता सातव्या लेव्हलला. विझार्ड खेळणारा जो आहे त्याला पुस्तक पान नंबरासकट पाठ आहे आणि तो सारखा मला थांबवतो, 'असं पुस्तकात नाहीये'. एकदा तर स्वतःच म्हणाला, मला डॅमेज झालंय, माझा कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह (चालू स्पेल टिकतो का ह्याचा फासा) राहिला, म्हणजे विचार कर किती किडा आहे. माझे तीन हाउस रूल (आमच्या टेबलचे घरचे नियम) आहेत. पोशन बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत) पिता येतं, नॅचरल 20 (फाशावरच 20) आला की काहीही जमतं, आणि अटॅकवर 1 आला की फंबल, म्हणजे शस्त्र हातातून पडतं नाहीतर शेजारच्याला लागतं. मागच्या सेशनला मेन व्हिलन इनव्हिजिबल झाला, विझार्डने सी इनव्हिजिबिलिटी (अदृश्य गोष्टी दिसायचा स्पेल) टाकला, पुढच्या टर्नला फायर बोल्ट मारायला गेला तर रोग खेळणारी म्हणाली थांब, पुस्तकात लिहिलंय की तुला तो दिसत असला तरी डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा) आहेच. आणि आमचा पुस्तकवाला चक्क म्हणाला, 'जरा कॉमन सेन्स वापरा ना!' पाऊण तास भांडण. शेवटी मी वैतागून म्हटलं, मी डीएम आहे, मी म्हणेन ते, डिसॲडव्हांटेजने टाक. त्याच सेशनला फायटरला दोनदा 1 आला, दुसऱ्यांदा तलवार रोगला लागली आणि ती झिरोवर गेली (हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे पॉइंट, संपले), क्लेरिक होता म्हणून वाचली. फायटरवाला नंतर काही बोललाच नाही, रात्री मेसेज आला की पुढच्या वेळी माझं जरा अवघड आहे. मला सांग, पुस्तक खरं की डीएम खरा? आणि ह्या विझार्डवाल्याचं करू काय? – वैतागलेली डीएम. ता.क. ग्रिडवर तिरकं चाललं तर किती फूट धरायचे ह्यावरून पण होतं आमचं."

अगं वैतागलेली डीएम,

पत्रात विझार्डवाल्याबद्दल भरभरून लिहिलंयस आणि फायटरवाल्याबद्दल शेवटी शेवटी दोन वाक्यं, तीही जाता जाता. मला उलटं वाटतं. जो भांडतोय तो कुठे जात नाहीये, तो पुढच्या वेळी येणार, पुस्तक घेऊन येणार, परत भांडणार. जो गप्प झालाय तो चाललाय. तेव्हा आधी त्याचं बघू, विझार्डवाला थांबेल.

तुझा फंबलचा रूल. मला माहितीये हा रूल का आवडतो, 1 आला की टेबलवर हशा होतो, कोणीतरी पाय घसरून पडतं, आठवण राहते. पण आता बस आणि हिशोब कर, कोणाला किती वेळा 1 येतो. वीस बाजूंचा फासा, एका रोलला 1 येण्याची शक्यता 5 टक्के. सातव्या लेव्हलचा फायटर एका टर्नला दोन अटॅक करतो, म्हणजे त्याच्या प्रत्येक टर्नला फंबलची शक्यता पावणेदहा टक्के झाली. मारामारी चार राउंड चालली तर आठ अटॅक, आणि आठात एकदा तरी 1 येण्याची शक्यता 34 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सरासरी दर तीन मारामाऱ्यांतल्या एकीत गडी तलवार पाडणार किंवा मित्राला मारणार, आणि ह्यात ॲक्शन सर्ज (फायटरला मिळणारी जादा ॲक्शन) धरलेलाच नाही, तो वापरला की त्या टर्नला चार अटॅक. आता पुढे बघ. अकराव्या लेव्हलला त्याला तीन अटॅक मिळतात, तीच चार राउंडची मारामारी, 46 टक्के. विसाव्या लेव्हलला चार अटॅक, 56 टक्के. म्हणजे तुझ्या जगात माणूस जितका मुरलेला तलवारबाज होत जातो तितकी त्याची तलवार जास्त वेळा हातातून निसटते. नवशिका शिपाई एकच वार करतो, तो बिचारा सेफ.

आणि विझार्ड? तो फायरबॉल टाकतो तेव्हा अटॅक रोल करतच नाही, समोरचे डेक्सटेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, सेव्ह करतात, हा फक्त डॅमेजचे फासे गोळा करून टाकतो. फायर बोल्टसारखं काही मारलं तरच त्याला 1 ची भीती, तेही टर्नला एकदा. म्हणजे तीन जण ज्याला गंमत म्हणतात त्या गंमतीचं बिल दर सेशनला एकच माणूस भरतोय, आणि त्याने कॅरेक्टर बनवताना फायटर निवडला एवढाच त्याचा गुन्हा. फायटरकडे दुसरं असतं काय, तो जास्त वेळा मारतो हीच त्याची कमाई, आणि तुझा रूल नेमका त्या कमाईवर दंड लावतो.

"पण मॉन्स्टरला पण फंबल होतो ना" हे तू म्हणशील, सगळे डीएम म्हणतात. होतो. पण ओर्क (नेहमीचा एक मॉन्स्टर) येतो, तीन राउंड जगतो आणि मरतो, त्याची तलवार पडली काय आणि राहिली काय, पुढच्या खोलीत नवा ओर्क. प्लेयरचं कॅरेक्टर वर्षभर तेच आहे, सगळे 1 त्याच्याच खात्यात जमा होतात. शिवाय हसं त्याचं होतं.

पुस्तकात काय आहे तर अटॅकवर 1 आला की वार चुकला, बाकी कितीही प्लस असू देत, चुकला. बस. तेवढी शिक्षा पुरेशी आहे. टेबलला फंबलची फारच हौस असेल तर फक्त वर्णनात ठेव, तलवार खांबात रुतली आणि त्याने उपसून काढली, डॅमेज नाही, टर्न जात नाही, कोणी झिरोवर जात नाही. काही जण असंही करतात की टर्नचा पहिलाच अटॅक फंबलसाठी धरायचा म्हणजे सगळ्यांना 5 टक्के सारखे, पण मला विचारशील तर काढूनच टाक. आणि काढताना "तुला राग आला म्हणून काढतेय" असं म्हणू नकोस हां, त्याला आणखी कानकोंडं होईल. ग्रुपवर लिहू नकोस. त्याला फोन कर आणि सरळ सांग की मी हिशोब केला, हा रूल तुझ्या एकट्याच्या माथी बसत होता, माझ्या लक्षात यायला हवं होतं, पुढच्या सेशनपासून नाही. एवढंच. त्याने "अरे तसं काही नाही गं" म्हटलं तरी फसू नकोस, तसंच होतं.

आता ह्यावरून जे मला खरं म्हणायचंय ते. हाउस रूल चांगला की वाईट हे तो पुस्तकात आहे की नाही ह्यावर ठरत नाही. तो कोणाकडून काय काढून घेतो आणि कोणाला देतो हे बघायचं. आणि बहुतेक हाउस रूल ठेवताना कोणी हे बघत नाही, कारण ठेवताना आपण सगळे "मस्त वाटेल" ह्या मूडमध्ये असतो. फ्लँकिंगचं घे, खूप टेबलांवर असतं, दोघं शत्रूच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिले की ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून जास्त आकडा धरायचा. तेही 2014 च्या डीएमच्या पुस्तकात ऑप्शनल म्हणून दिलंय, म्हणजे अगदीच घरचं नाही. ऐकायला निरुपद्रवी. पण वुल्फ टोटमचा बार्बेरियन (रागाच्या भरात लढणारा योद्धा) असेल टेबलवर, तर रेजमध्ये, म्हणजे त्या रागात, असताना त्याच्या शेजारच्या शत्रूवर वार करणाऱ्या मित्रांना ॲडव्हांटेज देणं हेच त्याचं काम, त्यासाठी त्याने बाकीचे टोटम सोडलेत, आणि आता ते सगळ्यांना दोन पावलं चालून फुकट मिळतंय. ॲडव्हांटेजवर ॲडव्हांटेज चढत नाही, त्यामुळे त्याचं फीचर कागदावर आहे आणि टेबलवर नाही. कोणी मुद्दाम केलेलं नसतं. पण त्याला तिसऱ्या सेशनला कळतं आणि तो बोलत नाही, कारण सगळे खूश असतात.

तुझे बाकीचे दोन त्याच मापाने बघ. पोशनचा ठेव, निःशंक ठेव. सगळ्यांना सारखा मिळतो, कोणाचं फीचर मरत नाही (रोगमधले थीफ सबक्लासवाले क्वचित कुरकुरतात, कारण बोनस ॲक्शनमध्ये वस्तू वापरायचं फास्ट हँड्स त्यांच्याकडे असतं, पण पुस्तकाप्रमाणे त्याला पोशन चालत नव्हतंच), आणि माणूस अख्खी टर्न घालवून बाटली पितोय असला कंटाळा टळतो. हा इतक्या टेबलांवर चालायचा की 2024 च्या नव्या पुस्तकात हीलिंग पोशन बोनस ॲक्शनमध्येच दिलंय. तुझ्या विझार्डवाल्याला हे माहीत असणारच, त्याने सांगितलं नसेल तर विचार.

नॅचरल 20 वर मात्र थांब. पाचव्या एडिशनमध्ये 20 ची जादू अटॅक रोलला आहे, आणि डेथ सेव्हला, तिथे 20 आला की माणूस एका हिट पॉइंटवर उठतो. स्किलला नाही. 2022 मध्ये नव्या पुस्तकाच्या प्लेटेस्टमध्ये (छापायच्या आधीच्या चाचणीत) कंपनीने सगळ्याच रोलना 20 म्हणजे यश असं करून बघितलं होतं आणि मग सोडून दिलं. का ते तुझ्या टेबलवर बघ ना. एक जण दार उघडायला गेला, जमलं नाही, मग "मी पण ट्राय करते", "मी पण". चौघांनी रोल केला तर कोणालातरी 20 येण्याची शक्यता साडेअठरा टक्के. म्हणजे अशक्य म्हणून ठेवलेलं कुलूप दर पाच-सहा वेळा उघडणार, आणि बहुतेक वेळा ते उघडणार आहे रोग सोडून दुसऱ्याच कोणाकडून, जड चिलखतातल्या क्लेरिककडून वगैरे, आणि रोगने जे एक्सपर्टीज (खास कौशल्य) घेतलंय ते बघत बसणार. परत तेच, कोणाचं गेलं बघ. ह्यावर उपाय सोपा आहे आणि तो हाउस रूल पण नाही. जे होऊच शकत नाही त्याला रोल मागू नकोस. राजा आपला मुकुट काढून देणार नसेल तर पर्सुएजनचा (मन वळवायचा) फासा हातात येऊच देऊ नकोस, सांगून टाक, राजा हसला, आता रोल एवढ्यासाठी की तो रागावतो की गंमत समजून सोडतो.

बरं. आता भांडण.

रोगवाली बरोबर होती. शब्दाला शब्द लावून वाचलं तर पूर्ण बरोबर. 2014 च्या पुस्तकात इनव्हिजिबल कंडिशनचे दोन वेगळे मुद्दे आहेत, पहिला की तो जादूशिवाय दिसत नाही, दुसरा की त्याच्यावरच्या अटॅकला डिसॲडव्हांटेज आणि त्याच्या अटॅकला ॲडव्हांटेज. दुसऱ्या मुद्द्यात "दिसत नसेल तर" असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि सी इनव्हिजिबिलिटी म्हणतो की तुला तो दिसतो, पण कंडिशन गेली असं म्हणत नाही. झालं. वकिलाला आणखी काय पाहिजे.

आणि विझार्डवालाही बरोबर होता. त्याने एक दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (मोजक्याच मिळणाऱ्या स्पेलपैकी एक) घालवला, एक अख्खी ॲक्शन घालवली, समोरचा त्याला लख्ख दिसतोय आणि तरी हात चाचपडतोय. दिसतो म्हणून त्याला नेम धरून स्पेल टाकता येतो एवढाच काय तो फायदा उरला. एरवी फाशावर 8 किंवा वर लागत असेल तर लागायची शक्यता 65 टक्के, डिसॲडव्हांटेजने ती 42 वर येते, म्हणजे शब्दांचा कीस पाडून त्याच्या स्लॉटचा बराचसा भाग तुम्ही परत काढून घेतला. लिहिणाऱ्यांच्या मनात असं होतं का ह्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, आणि 2024 च्या पुस्तकात त्यांनी एक वाक्य घालून मिटवलं की जो तुला कसाही करून बघू शकतो त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही. तेव्हा तू बाकी सगळं 2014 चं ठेवून हे एक वाक्य उचल. सुंठीवाचून खोकला गेला.

हो, त्याने त्या दिवशी कॉमन सेन्स काढला आणि एरवी पुस्तक काढतो, आपला तो बाब्या वगैरे, मला दिसतंय, तुला राग आला असेल. पण तूच लिहिलंयस की तो स्वतःहून म्हणाला की माझा कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह राहिला. हे वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंस, मला ते वाचून माणूस आवडला. डॅमेज झालं की 10 किंवा डॅमेजच्या अर्ध्या, ह्यातल्या जास्त आकड्याला सेव्ह करायचा, नाही जमला तर त्याचा चालू स्पेल गेला, आणि कोणाच्याही लक्षात नव्हतं. गप्प बसला असता तर त्याचाच फायदा होता. जो फक्त स्वतःसाठी नियम वाकवतो तो कधी असं बोलणार नाही. असले लोक वेगळे असतात, ते पुस्तक तेव्हाच उघडतात जेव्हा त्यांचं नुकसान होतंय, आणि त्यांच्यासाठी माझा सल्ला वेगळा असता, बराच कडक. तुझा तसा नाही. त्याला नियम बरोबर चालले नाहीत की चैन पडत नाही एवढंच, आणि अशा माणसाला गप्प कर म्हटलं की तो आणखी बोलतो. त्याला काम दे. ऑफिशियल काम. नियम शोधायचा तर तोच शोधेल, पण स्वतःची टर्न नसताना, आणि तू विचारलंस तर. बाकीच्या वेळी त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेव, आक्षेप आला की लिहून ठेवायचा, सेशन संपल्यावर वाचायचा. बघ, निम्मे आक्षेप लिहिताना त्यालाच फालतू वाटतील.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठरवून घे, आक्षेप फासा टाकायच्या आधी. फासा पडला, 4 आला, आणि मग आठवलं की खरं तर ॲडव्हांटेज होतं, तर ते पुढच्या वेळी. ह्या एका गोष्टीने टेबलवरची निम्मी कटकट जाते, कारण पडलेला आकडा बघून माणसाला जे नियम आठवतात ते फार विलक्षण असतात. ह्याला अपवाद एकच, कोणाचं कॅरेक्टर मरतंय. तिथे खेळ थांबव, पुस्तक उघड, सगळ्यांनी वाचा, वीस मिनिटं लागली तरी लागू देत. वर्षभर खेळलेलं कॅरेक्टर चुकीच्या नियमाने गेलं तर ते कोणी विसरत नाही.

मग पुस्तक खरं की डीएम खरा, हे तू विचारलंयस. अगं हे भांडण ह्या खेळाहून जुनं आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरचा युद्धाचा खेळ होता, 1824 मध्ये राइसवित्झने त्याचे नियम छापले, फासे, तक्ते, कोण किती मेले सगळं हिशोबाने, आणि मध्ये एक अंपायर. पुढे अधिकारी ह्या तक्त्यांना इतके कंटाळले की 1876 मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ नावाच्या अधिकाऱ्याने म्हटलं, तक्ते ठेवा बाजूला, अनुभवी अंपायर सांगेल ते. आता त्यात पण प्रॉब्लेम आहेच, अंपायर अनुभवी नसेल तर? मग परत तक्ते. शंभर वर्षांनी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसननी 1974 मध्ये डीएनडी काढला तेव्हा पण तीच गत, तीन पातळ पुस्तिका, इतक्या मोकळ्या जागा की प्रत्येक टेबलने आपापला खेळ बनवला, आणि मग त्याच गायगॅक्सनी ॲडव्हान्स्ड डीएनडीची पुस्तकं काढताना आग्रह धरला की खेळ सगळीकडे एकसारखा हवा. 1979 पासून तर ड्रॅगन मासिकात सेज ॲडव्हाइस नावाचं सदरच सुरू झालं, लोक नियमांचे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं छापून यायची, म्हणजे मी आत्ता जे करतेय ते काही नवीन नाही. पाचव्या एडिशनला नियमांचे प्रमुख डिझायनर जेरेमी क्रॉफर्ड ट्विटरवर उत्तरं द्यायचे, लोक भर सेशनमध्ये ट्वीट काढून दाखवायचे, शेवटी 2019 मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ट्वीट म्हणजे अधिकृत निर्णय नाहीत. तेव्हा उद्या विझार्डवाल्याने जुनं ट्वीट काढलं तर तुला हे माहीत असू दे.

2014 च्या डीएमच्या पुस्तकात सुरुवातीलाच म्हटलंय की खेळ नियमांच्या ताब्यात नाही, डीएमच्या ताब्यात आहे. म्हणजे तुला अधिकार होता, प्रश्नच नाही. पण तू तो कधी वापरलास बघ. पाऊण तास सगळ्यांना भांडू दिलंस आणि मग हुकूम काढलास. अधिकार वापरायचा होता तर दुसऱ्या मिनिटाला वापरायचा. "मला दोन्ही पटतंय, आज साधा रोल कर, सेशननंतर बघू." संपलं. दुसऱ्या मिनिटाला तेच वाक्य निर्णय वाटतं आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला दादागिरी, शब्द तेच असले तरी. आणि जेव्हा खरोखर कळत नसेल तेव्हा प्लेयरच्या बाजूने दे. तुझा व्हिलन गेला तर तुझ्याकडे आणखी पन्नास आहेत, त्यांच्याकडे एकेकच कॅरेक्टर आहे. मात्र पुढच्या वेळी व्हिलनने सी इनव्हिजिबिलिटी टाकला आणि रोग पोशन पिऊन अदृश्य फिरतेय, तर तोच निर्णय तिच्यावर पण लागणार, हे तेव्हाच बोलून ठेव. हे ऐकलं की बरेच जण आपोआप कमी मागतात.

टेबलवर दिलेला निर्णय आणि कायमचा नियम ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेव, तुझ्याकडे दोन्ही एकत्र झाल्यात म्हणून प्रत्येक निर्णय लोकांना आयुष्यभराचा वाटतो आणि ते जीव तोडून भांडतात. निर्णय त्या रात्रीपुरता, चुकला तरी चालेल. नियम मात्र सेशन संपल्यावर, सगळे शांत असताना, एका पानावर. एकच पान. दुसरं पान लागलं तर तुम्ही दुसरा खेळ बनवताय. नवीन रूल आला तर दोन-तीन सेशन चालवून बघा आणि मग मुद्दाम ज्याला त्याचा सगळ्यात जास्त फटका बसू शकतो त्याला पहिलं विचार, बाकीच्यांना नंतर. मतदान नको घेऊ, चौघांत तिघांचं मत फंबलच्याच बाजूने पडलं असतं. आणि रूल बदलल्यामुळे कोणाची निवड वाया जात असेल, त्या वुल्फ टोटमवाल्यासारखी, तर त्याला ती निवड बदलू दे, लेव्हल वाढायची वाट न बघता.

रोगवालीला पण एकदा विचार गं. ती झिरोवर गेली आणि तिच्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. कदाचित तिला काहीच वाटलं नसेल, आणि तसं असेल तर ते फायटरवाल्याला तिच्याच तोंडून कळलं की त्याचं अर्धं ओझं जाईल. मागचं डॅमेज वगैरे परत फिरवत बसू नकोस, ते झालं ते झालं.

ता.क. चं उत्तर: 2014 च्या पुस्तकात ग्रिडवर तिरका चौकोन पण 5 फुटांचाच धरतात. डीएमच्या पुस्तकात पर्याय आहे की पहिला तिरका 5, दुसरा 10, तिसरा परत 5, असं आलटून पालटून, तिसऱ्या एडिशनला तेच चालायचं आणि भूमितीला ते जास्त जवळ आहे. पण मोजताना सगळे बोटं मोडत बसतात. 5 ठेव. गोल फायरबॉल चौकोनी दिसेल, विझार्डवाला एकदा बोलेल, कागदावर लिहील.